ठकू लोहारीण आणि चार बोटांची सुरी

फार वर्षं झाली या गोष्टीला. किती, ते विचारू नका; कळकवाडीत प्रत्येक जण आपल्या पणजोबाच्या पणजोबाचं नाव घेतो आणि तिथंच अडखळतो. तेव्हा घाटातून वर यायला गाडीवाट नव्हती. रान घरांच्या पडवीपर्यंत आलेलं असायचं. माणसाच्या डोक्याला मुंडासं नसलं तरी चालेल, पण कमरेला सुरी हवी, असे ते दिवस होते. त्या दिवसांत कळकवाडीत ठकू नावाची लोहारीण होती.

तिचा नवरा लवकर गेला. भट्टीच्या धुरानं त्याची छाती भरली आणि एका पावसाळ्यात तो खोकत खोकतच संपला. पदरी एक मुलगा, लुमा, अजून रांगत होता. गावाला वाटलं, ही आता माहेरी जाईल आणि आपल्याला दुसरा लोहार बघावा लागेल. ठकूनं नवऱ्याचे दिवस घातले, पदर खोचला आणि भट्टी पेटवली. बाईमाणसानं घण उचलावा का, यावर पारावर बरीच चर्चा झाली. चर्चा करणाऱ्यांचेच कोयते बोथट झालेले होते, त्यामुळे ती फार लांबली नाही.

ठकू विळे करायची, कोयते करायची, नांगराचे फाळ करायची. पण तिचं नाव झालं ते सुरीमुळे. असं म्हणतात, तिच्या सुरीनं चिरलेला कांदा डोळ्यांना झोंबत नसे. हे काही खरं नसावं. पण घाटाखालची माणसंसुद्धा सुरीसाठी चढण चढून कळकवाडीला येत, आणि ती काही कांदा चिरायला नव्हे.

सुरी घ्यायला कुणी आलं की ठकू आधी सुऱ्या मांडलेली फळी पुढं करत नसे. आधी त्याचा हात मागायची. तळवा उलटा-सुलटा करून बघायची, घट्टे कुठं आहेत ते चाचपायची, आणि विचारायची, "दिसभर काय कापतोस?" माणूस छाती फुगवून सांगायचा, डुक्कर मारतो, भेकर मारतो. ठकू म्हणायची, "त्ये वर्सातनं कितींदा? रोज काय कापतोस त्ये सांग." मग तो खाली बघून सांगायचा, की रोज वाखाची दोरी तोडतो, काटा काढतो, काकडी कापतो, बैलाची वेसण सोडवतो. "मंग रोजची सुरी घे," ठकू म्हणायची. "जी रोज हातात ऱ्हाती, तीच येळेला हातात येती."

तिची रोजची सुरी म्हणजे काय होती ते ऐका. पातं ज्याचं त्याच्या हातानं मोजायचं, आडव्या चार बोटांएवढं, पाचव्याचा हट्ट नको. पाठ जाड, म्हणजे लाकडाच्या ढलपीत घालून वरून दगड मारला तरी वाकणार नाही. टोक थोडं खाली झुकलेलं, म्हणजे जनावराचं कातडं सोलताना आत घुसून आतडं फोडणार नाही. पात्याचं शेपूट मुठीच्या पार तळापर्यंत गेलेलं आणि लाखेनं बसवलेलं. मूठ खैराची, साधी. पितळेची मूठ रक्तानं ओली झाली की हातातून मासोळीसारखी सुटते, असं ती सांगायची. आणि म्यान बकऱ्याच्या कातड्याचं, पोटाजवळ डाव्या अंगाला बांधायचं. म्हणजे उभं असताना, वाकलेलं असताना, पालथं पडलेलं असतानासुद्धा सुरी उपसता येते.

मग ती सुरी एक दिवस नुसती वापरायला द्यायची. संध्याकाळी माणूस परत आला की विचारायची, कमरेला काही आहे हे दिवसभरात ध्यानात राहिलं का? राहिलं म्हणाला तर ती सुरी काढून घ्यायची आणि दुसरी द्यायची. विसरलो म्हणाला तर ती त्याची.

हे सगळं ती एकदाच सांगायची. लोहाराची तशी रीतच होती. माणसानं निवडलेल्या पात्याबद्दल काही वाईट बोलायचं असेल तर एकदा बोलावं. दुसऱ्यांदा बोलू नये. दुसऱ्यांदा बोललं की माणसाच्या मनात ते बसतं, ऐन वेळेला हात कचरतो, आणि कचरलेला हात आधी स्वतःलाच कापून घेतो. ठकूच्या सासऱ्यानं तिच्या नवऱ्याला हे शिकवलं होतं, नवऱ्यानं तिला, आणि तिनं लुमाला. लोहारांचं बघून बघून सगळ्या गावानंच ही रीत उचलली होती. एकदा नको म्हणावं, मग ज्याचं त्यानं बघावं.

एकानं तिचं ऐकलं नाही. त्याला हातभर लांब सुरा हवा होता. ठकूनं एकदा सांगितलं, त्यानं मान हलवली आणि हवा तसा करून घेतला. तो सुरा चालताना त्याच्या गुडघ्यावर आपटायचा, बसताना जमिनीत रुतायचा. शेवटी त्याच्या बायकोनं तो दाराला अडसर म्हणून लावला. पुढं कित्येक वर्षं त्या घराला कळकवाडीत अडसराचं घर म्हणत.

आणखी एक रीत होती, तीही सांगायला हवी. गावची पारध रानात गेली की लोहाराचा भाता थांबता कामा नये. जोवर भाता श्वास घेतो तोवर रानातली माणसं श्वास घेतात, असं कळकवाडीत मानत. म्हणून लोहार कधी पारधीला जात नसे. सगळे गेले की तो भट्टीपाशी बसून भाता ओढत राहायचा, ते शेवटचा माणूस परत येईपर्यंत.

लुमा मोठा झाला. उंच, खांद्यानं रुंद, हसायला लागला की भट्टीपाशी बसलेली म्हातारी माणसंसुद्धा हसायची. हात तर बापापेक्षा आणि आईपेक्षाही बरा. त्यानं पाणी दिलेलं पातं बोटानं टिचकी मारली की घंटेसारखं वाजायचं. पाणी देणं म्हणजे पातं लाल तापवून पाण्यात बुडवणं; त्यानं लोखंड कडक होतं आणि धार टिकते. त्यात लुमाचा हात धरणारा त्या मुलखात कुणी नव्हता. ठकूला त्याचं फार कौतुक होतं. तोंडानं ती ते पुन्हा पुन्हा बोलत नसे, कारण चांगलंही दोनदा बोलायची तिला सवय नव्हती.

आणि त्या वर्षी तो डुक्कर आला.

कळप सोडून एकटाच फिरणारा, म्हातारा, सुळे पिवळे पडलेला. असं म्हणतात, त्याच्या पाठीवर माती साचून गवत उगवलं होतं. नाचणी कणसांनी वाकली होती, वरई पिकत आली होती, आणि हा येऊन अर्धं खायचा, अर्धं तुडवायचा. राखणीला बसलेल्या एका गुराख्याला त्यानं मांडीपासून छातीपर्यंत उभा फाडला. त्यानंतर माचणावर बसायला कुणी तयार होईना. नाचणी गेली तर वर्षभर खायचं काय, हे गावाला कळत होतं. तेव्हा बहिरू नाईकानं पारध पुकारली. तो गावच्या पारधीचा म्होरक्या होता. माणसं थोडी होती. लुमानं त्याला सांगितलं, "म्या येतो. भाता आये ओढंल. लोहाराच्या घरात भाता चालू ऱ्हायला, म्हंजी झालं."

नाईकानं विचार केला आणि हो म्हणाला.

लुमानं पारधीसाठी स्वतःचं पातं स्वतः घडवलं. घरात आजोबाच्या वेळचा पोलादाचा एक तुकडा होता, तो त्यानं काढला. हातभर लांब सुरा केला, फुटक्या पितळी तांब्याचा पत्रा मुठीला चढवला आणि वाळूनं घासघासून असा चकचकीत केला की उन्हात धरला तर बघवत नसे. काय सुरा होता तो! एवढा सुरेख सुरा कळकवाडीत ना आधी झाला होता, ना नंतर झाला. तरुण पोरं बघायला यायची आणि हात लावायला मागायची.

ठकूनं तो हातात घेतला, तोलला, टिचकी मारून ऐकला. आवाज स्वच्छ होता. ती म्हणाली, "काम चोख हाय. पर लांब हाय, लुमा. जाळीत पालथा पडलास तर उपसायचा न्हाई. मूठ घसरंल. आन माजं ऐकशील तर तू जाऊच नगं."

लुमानं तो तिच्या हातातून अलगद काढून घेतला. "झालं तुजं सांगून, आये? आता दुसऱ्यांदा सांगू नगंस. तूच शिकीवलंयस." आणि हसला. रागावला असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या मुलाशी भांडता येतं.

ठकूनं रीत पाळली. पण आईचं मन लोहाराच्या रितीत कुठं मावतं? भाकरी थापताना, पाणी भरताना तिच्या डोळ्यांपुढं रानातली करवंदीची दाट काटेरी जाळी यायची. ज्याच्या भाल्यानं पहिलं रक्त सांडेल त्यानंच जखमी जनावरामागं आत शिरायचं, जनावर तळमळत सोडायचं नाही, हा पारधीचा नियम होता. जाळीत भाला नेता येत नाही. पोटावर सरपटत जावं लागतं, हातात फक्त सुरी. आणि लुमाचा हात सगळ्यांत जोरकस, म्हणजे पहिला भाला त्याचाच लागणार, हे तिला दिसत होतं.

तेव्हा तिला एक युक्ती सुचली. पारधीला निघण्याआधी वेशीवर प्रत्येकाचं पातं तपासायची पद्धत होती. हिरवा कळक, म्हणजे भरीव बांबू, उभा धरायचा आणि एका घावात तोडायचा. ज्याच्या पात्याची धार मुडपली तो मागं राहायचा, बायका-पोरांबरोबर डबे वाजवायला. ठकूनं ठरवलं, लुमाचा सुरा कळकावर मुडपायला हवा. तो लाजेल, चिडेल, महिनाभर आपल्याशी बोलणार नाही. पण घरात असेल.

पारधीच्या आदल्या दिवशी भर दुपारी लुमा ओढ्यावर भाल्याची काठी सरळ करायला गेला होता. ठकूनं मुठीतली लाख ऊन करून पातं बाहेर ओढलं. निखाऱ्यात घालून लाल होईपर्यंत तापवलं आणि गरम राखेच्या ढिगात पुरून ठेवलं, हळूहळू गार व्हायला. असं केलं की दिलेलं पाणी उतरतं, पोलाद मऊ पडतं. वरून काही कळत नाही. तिनं चिंचेनं आणि वाळूनं घासून ते पुन्हा होतं तसं चकचकीत केलं, नवीन लाख ओतून मूठ बसवली, आणि सुरा खुंटीवर होता तसा लावून ठेवला. आपल्याच मुलाचं आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं काम तिनं आपल्या हातानं बिघडवलं. बिघडवताना ती एकदाही अडली नाही, कारण तिला वाटत होतं की आपण त्याला वाचवतोय.

सकाळ झाली. माणसं वेशीवर जमली. नाईकानं कळकाचे हिरवे दांडे तोडून आणले होते. पहिल्यानं मारला, तुटला. दुसऱ्यानं मारला, तुटला. लुमा रांगेत उभा होता, सुरा कमरेला, ऊन त्याच्या मुठीवर. ठकू बायकांमध्ये उभी राहून बघत होती.

आणि वरच्या शेतातून किंकाळी आली.

डुक्कर भर उजेडात खळ्यावर आला होता. तिथं खळं सारवत बसलेल्या बाया माचणावर चढून ओरडत होत्या. कुठला कळक आणि कुठली तपासणी! नाईकानं हातातला दांडा फेकला, भाला उचलला, आणि सगळे त्याच्यामागं धावत सुटले. लुमा सर्वांच्या पुढं.

त्या एका क्षणात ठकूला ओरडता आलं असतं. सुरा मऊ आहे, एवढंच तर सांगायचं होतं. तिनं तोंड उघडलंही. पण आजूबाजूला सगळं गाव, आणि सांगायचं ते असं की ऐकून मुलानं जन्मभर तोंड बघू नये. आणि मनात खोल रुतलेलं, की दुसऱ्यांदा बोललं तर त्याचा हात कचरेल. ती अडखळली. एवढ्यात ते आंब्याच्या बांधापलीकडं दिसेनासे झाले.

मग ठकूनं काय केलं? ती त्यांच्यामागं रानात पळाली नाही. ती घरी पळाली. भट्टीत कोळसा ओतला आणि भात्याला बसली. कळकवाडीची बाई दुसरं काय करणार? भाता चालू आहे तोवर माणूस जिवंत आहे, हे तिनं जन्मभर ऐकलं होतं, आणि आपण भात्याला बसलेलो असताना रानातून परत न आलेला माणूस तिनं कधी पाहिला नव्हता. तिनं असा भाता ओढला की कोळसे पांढरे झाले. असं म्हणतात, ऐरणसुद्धा लाल झाली होती. खांदे भरून आले, तळव्याची साल निघाली, तरी ती थांबली नाही. ती भात्याला म्हणत होती, "घे, घे, घे," जसं तान्ह्या मुलाला पाजताना म्हणतात.

मग भात्याचं कातडं फाटलं. शिवणीवर नव्हे, तर मधोमध, जसं कुणी आतून सुळा घातला असावा. सगळा वारा एकदम बाहेर पडला. ठकू तशीच बसून राहिली. तिला कुणी येऊन काही सांगायची गरज उरली नव्हती.

लुमाला त्यांनी चौघांनी मिळून आणला. पहिला भाला त्याचाच लागला होता. जखमी डुक्कर करवंदीच्या जाळीत घुसला आणि नियमाप्रमाणं लुमा त्याच्यामागं सरपटत गेला. सुरा लांब, वरून वेली, तो अर्धाच उपसला गेला. तरी त्यानं तो उपसला आणि डुकराच्या खांद्यात घातला. हाडावर लागून सुरा वाकला. मग डुकरानं आपलं काम केलं आणि आणखी आत जाऊन बसला.

बहिरू नाईकानं तो सुरा ठकूच्या पुढं ठेवला. विळ्यासारखा वाकला होता. सगळं गाव अंगणात उभं होतं. नाईकाला बरं काहीतरी बोलायचं होतं, पण त्याला बरं बोलायची सवय नव्हती. तो म्हणाला, "पोरगं वाघाच्या काळजाचं व्हतं, ठकू. लोखंड तेवढं कच्चं निगालं."

मागून कुणीतरी म्हणालं, नुसतीच हौस हो, चकाकी आणली आणि पाणी द्यायला विसरला. दुसरं कुणी म्हणालं, बाप असता तर शिकवलं असतं. चार माना हलल्या. एवढं बोलणं झालं, आणि अजून प्रेताला आंघोळसुद्धा घातलेली नव्हती.

ठकूला हेही ऐकून गप्प राहता आलं असतं. तिचं नाव राहिलं असतं. गाव तिला सांभाळून घेणार होतं, अभागी म्हणणार होतं. लुमा मात्र कायमचा कच्च्या लोखंडाचा लोहार झाला असता.

ती उठली. म्हणाली, "लोखंड कच्चं नव्हतं. माज्या लुमाच्या हातात खोट नव्हती. त्यानं दिल्यालं पाणी म्या उतरवलं."

नाईकाची आई, कोंडाई, गावातली सगळ्यांत म्हातारी, काठी टेकत पुढं आली.

"का गं बाई?"

"येशीवर मागं ऱ्हावा म्हणून."

"आगं, मंग तोंडानं सांगायचं! जाऊ नगं म्हणायचं!"

"सांगितलं व्हतं."

"किती येळा?"

"एकदा," ठकू म्हणाली.

त्या अंगणात असा एकही माणूस नव्हता, ज्यानं आपल्या घरात कधी ना कधी असंच एकदा सांगून हात झटकले नव्हते.

लुमाला आंघोळ घातली. ठकूनं ते पाणी सांडू दिलं नाही, परातीत धरलं. मग वाकलेला सुरा घेऊन ती भट्टीपाशी गेली. भाता फाटलेला होता; तिनं फुंकणीनं तोंडानं फुंकून निखारे पेटवले. छिन्नी ठेवून सुरा तोडला. आपला तळवा आडवा धरून चार बोटं मोजली, तेवढंच पातं ठेवलं. पितळ काढून फेकलं, खैराचा तुकडा घासून मूठ केली. पातं लाल झालं तेव्हा ते त्या परातीतल्या पाण्यात बुडवलं. कुणी म्हणतात, तिनं ते आपल्या आसवांत बुडवलं. ते खोटं आहे. त्या दिवशी ठकूच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. लुमाच्या अंगावरून उतरलेल्या पाण्यात तिनं त्याच्याच पोलादाला पुन्हा पाणी दिलं, आणि असं म्हणतात, पातं बुडताना चर्र असा आवाज झाला नाही, कुणीतरी झोपेत सोडलेल्या श्वासासारखा आवाज झाला.

लुमाला पोचवून माणसं परतली तेव्हा ऊन अजून होतं. ठकू वेशीवर उभी होती. सकाळचे हिरवे दांडे तिथंच पडले होते. तिनं एक उचलून उभा धरला आणि सगळ्यांच्या देखत त्या सुरीनं एका घावात तोडला. मग धार नाईकाला दाखवली. केसाएवढीही मुडपली नव्हती. तपासणी झाली, आता रितीप्रमाणं तिला कुणी अडवू शकत नव्हतं. ती जाळीच्या दिशेनं चालू लागली.

"ठकू," नाईक म्हणाला, "जाऊ नगं."

ठकू थांबली. पाठ त्यांच्याकडंच होती. मागं वळली नाही, पण पुढंही पाऊल टाकलं नाही. ती तशी उभी राहिली. आणि सगळं गाव तिच्यामागं उभं राहिलं. प्रत्येकाला वाटत होतं, कुणीतरी पुन्हा म्हणावं. काहींना रीत आडवी आली. आणि काहींना, खरं सांगायचं तर, तिनं जावं असंच वाटत होतं. तिला थांबायचं होतं की नाही, देव जाणे. पण ती थांबली होती, हे सगळ्यांनी पाहिलं.

कुणी बोललं नाही. ठकू निघून गेली.

जाळीच्या तोंडाशी तिनं पदर कमरेला आवळला, सुरी दातांत धरली आणि पोटावर पडून आत शिरली. मागोमाग येऊन बाहेर उभ्या राहिलेल्यांना जाळी हलताना दिसली. पाखरं उडाली. मग असा आवाज आला की पुढं कित्येक दिवस गावातली कुत्री त्या बाजूला गेली नाहीत. मग काहीच नाही.

उशिरानं नाईक आणि दोघं-तिघं कोयत्यानं जाळी तोडत आत गेले. डुक्कर मरून पडला होता. पुढच्या पायामागं, काळजाच्या जागी, एकच जखम होती, आडव्या चार बोटांच्या खोलीची. ठकू नव्हती. तिची चोळी नव्हती, काकण नव्हतं, केस नव्हता, रक्ताचा मागही नव्हता. जाळीला दुसरं तोंड नव्हतं, ते त्यांनी सगळीकडून फिरून पाहिलं. सुरीही सापडली नाही. कुणी म्हणतात ती घाट उतरून कोकणात गेली. कुणी म्हणतात ती जाळीतच आहे. एवढं मात्र सगळे एकमतानं सांगतात, की ते गावात परतले तेव्हा ठकूच्या रिकाम्या घरात, थंड भट्टीपाशी, तो मधोमध फाटलेला भाता आपोआप हलत होता. वर, खाली, वर, खाली. दिवेलागणीला तो थांबला.

त्या वर्षी नाचणी वाचली. गावानं ती खाल्ली, पण कुणी पोटभर जेवलं असं ऐकिवात नाही. कोंडाई त्यानंतर फार जगली नाही. जायच्या आधी तिनं बहिरू नाईकाला उशाशी बसवलं आणि म्हणाली, "एकदा सांगायची रीत लोखंडाची आसंल, बाबा. माणसांची नगं ठिवू." नाईकानं वेशीवर सगळ्यांना बोलावून तसं जाहीर केलं.

कळकवाडीत आजही चार बोटांहून लांब सुरी कुणी वापरत नाही. नवी सुरी घेतली की घरात नेण्याआधी वेशीवर हिरव्या कळकावर चालवतात, आणि तिचं पाणी गुपचूप उतरवलं जाऊ नये म्हणून तिला रात्रभर कुणी एकट्यानं जवळ ठेवत नाही. पारध आता बंद झाली आहे. डुक्कर येतात, नाचणी खातात, आणि माणसं डबे वाजवतात. पण पोरं गावाबाहेर जातात. कुणी पलटणीत, कुणी ट्रकवर, कुणी पुण्याला कारखान्यात. निघताना घरचं माणूस वेशीपर्यंत येतं आणि म्हणतं, "जाऊ नगं." हे सगळेच म्हणतात, हसत हसत, रीत म्हणून. जाणारा दोन पावलं पुढं जातो आणि पाठमोरा उभा राहतो.

तो दुसऱ्यांदा ऐकायला उभा असतो. दुसऱ्यांदा म्हटलेल्या नकाराला कळकवाडीत ठकूचा शब्द म्हणतात. तो कुणी म्हटला, आईनं म्हटला, बायकोनं म्हटला, शेजारणीनं म्हटला, तरी जाणाऱ्यानं पिशवी खाली ठेवायची आणि घरी परत यायचं. का, ते कुणी विचारायचं नाही. नोकरी गेली तर जाऊ द्यायची. बहुतेक वेळा मागून काही आवाज येत नाही, आणि पोरगं डोळे पुसून गाडीत चढतं. पण ते उभं असतं तेवढा वेळ वेशीवर कुणी बोलत नाही, आणि एसटीचा ड्रायव्हर परगावचा असला तरी गाडी हलवत नाही.